फ्लाकप्लास: सरकार सही न करता माणसं कशी मारतं?

खडूफळा:

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, की मंडेला सुटले आणि दक्षिण आफ्रिकेतले काळे लोक आपापसात लढून मेले. गोरं सरकार तर बिचारं तेव्हा वाटाघाटी करत होतं. उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

आकडा नाकारण्यात अर्थ नाही. १९९० ते १९९४ या काळात तिथे राजकीय हिंसाचारात सुमारे १४ हजार माणसं गेली. मरणारे काळे आणि बहुतेक ठिकाणी मारणारेही काळेच. त्या वेळची वर्तमानपत्रं याला 'ब्लॅक ऑन ब्लॅक' म्हणायची. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाहेरच्याला ते तसंच दिसावं यासाठी कितीतरी पगारी माणसं त्याआधी दहा वर्षं राबत होती.

प्रिटोरियाच्या पश्चिमेला फ्लाकप्लास नावाचं एक शेत आहे. १९७९-८० च्या सुमारास सुरक्षा पोलिसांनी तिथे एक तुकडी बसवली. कागदोपत्री काम काय, तर पकडलेल्या किंवा फुटलेल्या गनिमांना 'सुधारून' त्यांच्याकडून जुन्या साथीदारांची ओळख पटवून घ्यायची. या फुटलेल्यांना 'अस्कारी' म्हणत. प्रत्यक्षात तिथून माणसं मारायला पथकं सुटायची. त्यातले बरेच हात काळे होते, आणि तीच सोय होती.

ग्रिफिथ्स म्क्सेंगे हे डर्बनचे वकील. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या (मंडेलांची संघटना, पुढे नुसतं 'काँग्रेस' लिहितो) लोकांचे खटले चालवायचे. १९ नोव्हेंबर १९८१ ला त्यांचा खून झाला. मृतदेह उम्लाझीच्या स्टेडियमजवळ सापडला, अंगावर चाळीसहून जास्त वार. आधी त्यांच्या घरच्या कुत्र्यांना विष घातलं होतं. बंदूक मुद्दाम वापरली नाही, पैसे आणि गाडी पळवली, गाडी स्वाझीलँडच्या सीमेकडे नेऊन जाळली. म्हणजे सगळं लुटीसारखं दिसावं. चार वर्षांनी त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया म्क्सेंगे, त्याही वकील, घराच्या अंगणात मारल्या गेल्या.

२७ जून १९८५. मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोंतो आणि सिचेलो म्ह्लाउली पोर्ट एलिझाबेथहून रात्री क्रॅडॉकला परतत होते. वाटेत अडवलं, भोसकलं, जाळलं. तेव्हा विरोधकांच्याच दोन संघटनांमध्ये खरोखर हाणामारी चालू होती, हे खून तिच्याच खात्यावर टाकायचे होते. पहिल्या न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष: 'अज्ञात इसम'. १९९२ मध्ये एका वर्तमानपत्रानं लष्कराचा एक बिनतारी संदेश छापला. तारीख ७ जून १९८५, म्हणजे खुनाच्या वीस दिवस आधीची. त्यात गोनिवे यांना तातडीने 'समाजातून कायमचं दूर' करण्याची शिफारस होती. पाठवणाऱ्यांचं म्हणणं, आम्हाला स्थानबद्धता अभिप्रेत होती. १९९४ मध्ये दुसऱ्या चौकशीच्या न्यायाधीशांना ते काही पटलं नाही आणि त्यांनी सुरक्षा दलांना जबाबदार धरलं.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते दुदुझानं. जोहान्सबर्गच्या पूर्वेची ही वस्ती. क्रॅडॉकच्या खुनांचाच आठवडा. फ्लाकप्लासचा जो मामासेला हा अस्कारी, आपण काँग्रेसच्या लष्करी शाखेचे आहोत असं सांगून तिथल्या शाळकरी-कॉलेजकरी पोरांमध्ये शिरला. त्यानं त्यांना हातबाँब दिले, कसे फेकायचे ते शिकवलं. बाँबमधला पिन ओढल्यापासून स्फोटापर्यंतचा वेळ आधीच काढून टाकलेला होता. पोरांनी पिन ओढले आणि हातातच उडाले. आठ जण मेले, कित्येकांचे हात गेले. पुढे पोलीस आयुक्त झालेले योहान व्हॅन डर मर्व यांनी सत्य आणि सलोखा आयोगापुढे (गोऱ्या राजवटीच्या काळातल्या गुन्ह्यांच्या चौकशीसाठी पुढे नेमलेला) हे सरळ मान्य केलं. मंत्र्यांची मंजुरी होती हेही सांगितलं.

हे इथेच थांबत नाही. वस्तीला कळेना की बाँब देणारा होता कोण. संशय माकी स्कोसाना नावाच्या तरुण बाईवर गेला. जुलैमध्ये त्यांतल्याच काही बळींच्या अंत्ययात्रेला ती गेली. लोकांनी सांगितलं होतं जाऊ नकोस, तरी गेली, कारण तिच्या मनात काही नव्हतं. जमावानं तिला तिथेच मारलं, जाळलं, आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. सरकारी वाहिनीनं ती दृश्यं दाखवली: बघा, हे लोक कसे आहेत! ती खबरी नव्हती, हे आयोगापुढे स्पष्ट झालं. तेव्हा पोरं मारली पोलिसांनी, त्या बाईला मारलं शेजाऱ्यांनी, आणि दुसरा खून सरकारला एक पैसाही खर्च न करता मिळाला. 'आपापसात लढले' म्हणताना हा हिशेब मांडायचा की नाही?

तिरसट_काका:

लेख एकतर्फी आहे. मे १९८३ मध्ये प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर गाडीत बाँब ठेवून १९ माणसं कुणी मारली? अंगोलातल्या छावण्यांत स्वतःच्याच कार्यकर्त्यांचा छळ कुणी केला? गळ्यात टायर घालून जाळणं कुणी सुरू केलं? सरकार लढणार नाही तर काय ओवाळणार?

खडूफळा:

काका, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्ही आयोगाच्या अहवालात आहेत. १९९८ मध्ये अहवाल येण्याच्या तोंडावर तो थांबवायला खुद्द सत्तेत बसलेली काँग्रेसच कोर्टात गेली होती, आणि हरली. त्याच सुमारास माजी अध्यक्ष डी क्लर्क यांनी आपल्याबद्दलचा मजकूर रोखायचा हुकूम मिळवला. छापील अहवालात ती जागा काळी करून टाकलेली होती. अहवालावर दोन्हीकडचे नाराज.

पण लढणं आणि हे यात फरक आहे. चर्च स्ट्रीटची जबाबदारी घेणारी संघटना होती. म्क्सेंगे यांच्या खुनाचा तपास करणारे कोण? पोलीस. मारणारे कोण? पोलीस. तक्रार कुठल्या चौकीत नोंदवायची ते तुम्हीच सांगा.

रानजाई:

दुदुझाचं वाचून थांबले. माकी स्कोसानाचं चित्रण लहानपणी बातम्यांत पाहिल्याचं आमच्या मोठ्या आत्यानं सांगितलं होतं. तिच्या डोक्यात 'ते लोक जंगली' एवढंच राहिलंय. आधी काय झालं होतं ते तिला कुणी सांगितलंच नाही.

हे बाहेर कसं आलं ते लिहा ना.

खडूफळा:

कुणाला उपरती झाली म्हणून नाही आलं.

ब्यूटाना नोफोमेला हा फ्लाकप्लासचा काळा पोलीस. त्यानं एका गोऱ्या शेतकऱ्याचा खून केला, हा वेगळाच, खासगी गुन्हा, आणि त्याला फाशी झाली. साहेब लोक आपल्याला सोडवतील या भरवशावर तो गप्प राहिला. शेवटी निरोप आला की आता सोसायचं. ऑक्टोबर १९८९ मध्ये, फाशीच्या आदल्या दिवशी, त्यानं प्रतिज्ञापत्र केलं: मी म्क्सेंगे यांच्या खुनात होतो. फाशी थांबली.

मग त्याचा जुना मुख्य, डर्क कुट्सिए, घाबरला. आता सगळं आपल्या एकट्याच्या गळ्यात येणार हे त्यानं ओळखलं. देश सोडून मॉरिशसला गेला आणि तिथे पत्रकार जाक पाव यांना सगळं सांगितलं. १७ नोव्हेंबर १९८९ ला 'फ्राय वीकब्लाट' या छोट्या आफ्रिकान्स साप्ताहिकानं ते छापलं. संपादक माक्स डू प्री. हे लक्षात घ्या की ही बातमी सत्ताधाऱ्यांच्याच मातृभाषेत, त्यांच्याच समाजातल्या माणसानं छापली. बक्षीस काय मिळालं? पोलिसांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख जनरल नेथलिंग यांनी बदनामीचा दावा लावला, वरच्या कोर्टात जिंकला, आणि १९९४ च्या सुरुवातीला साप्ताहिक बंद पडलं. लोकशाही निवडणूक काही आठवड्यांवर होती.

कुट्सिएला आसरा दिला कुणी? आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं. ज्यांची शिकार केली त्यांच्याच दारात. मग त्याला मारायला कॅसेट प्लेअर आला, कानात घालायच्या हेडफोनमध्ये स्फोटकं भरलेला. पाठवणारा म्हणून पाकिटावर जोहान्सबर्गचे वकील बेकी म्लांगेनी यांचं नाव टाकलं होतं. कुट्सिएनं पार्सल सोडवलं नाही, ते टपालानं 'पाठवणाऱ्याकडे' परत गेलं. म्लांगेनींनी हेडफोन कानाला लावला आणि घरातच गेले. हे फेब्रुवारी १९९१, म्हणजे मंडेला सुटून एक वर्ष झालेलं, वाटाघाटी वगैरे चालू.

ताळेबंद:

यातली लष्करी बाजू राहिली, ती मी लिहितो, कारण मला पैशाच्या वाटा बघायची सवय.

पोलिसांचं फ्लाकप्लास, तर लष्कराचं 'सिव्हिल कोऑपरेशन ब्यूरो'. नाव ऐकून वाटेल सहकारी पतपेढी. रचना खरोखर कंपनीसारखी होती: अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक, विभागीय व्यवस्थापक. प्रत्येक सदस्याचा एक 'निळा आराखडा', म्हणजे दाखवायचा धंदा, आणि एक 'लाल आराखडा', म्हणजे खरं काम. लोकांनी लष्कराचे रीतसर राजीनामे दिले आणि 'खासगी नोकरी' धरली. कुणी पकडला गेला तर सरकार हात झटकायला मोकळं. लक्ष्य सुचवायचं, पाळत ठेवायची, अंदाजपत्रक मांडायचं, मंजुरी घ्यायची. प्रस्तावाची फाइल फिरते तशी माणसाला मारायची फाइल फिरे.

त्यांच्याच फर्दी बर्नार्डनं १ मे १९८९ ला विट्स विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड वेब्स्टर यांना घरासमोर गोळी घातली. वेब्स्टर तेव्हा राजकीय हत्यांचाच अभ्यास करत होते. बर्नार्डला शिक्षा झाली १९९८ मध्ये.

१९९० मध्ये अशा हत्यांच्या चौकशीसाठी हार्म्स आयोग बसला, तेव्हा या 'कंपनी'चे व्यवस्थापकीय संचालक ज्यो व्हर्स्टर साक्षीला आले ते टोप आणि खोटी दाढी लावून. कागदपत्रं विचारली तर गायब. आयोगानं कुट्सिएलाच बेभरवशाचा ठरवलं आणि फ्लाकप्लासबद्दल काही सिद्ध होत नाही म्हणाला.

प्रश्नचिन्ह_दोन:

मला एक कळत नाही. हे सगळं इतकं चालू होतं तर अध्यक्षांना माहीत नव्हतं?

ताळेबंद:

१९८९ पर्यंतचे अध्यक्ष बोथा यांच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी आहे. ३१ ऑगस्ट १९८८ ला जोहान्सबर्गमधली खोत्सो हाउस ही चर्च परिषदेची इमारत स्फोटात उद्ध्वस्त झाली. कायदा-सुव्यवस्था मंत्री आद्रियान फ्लोक यांनी पुढे आयोगाला सांगितलं, की हुकूम बोथांचाच होता आणि काम झाल्यावर त्यांनी अभिनंदनही केलं. आणि तेव्हा फ्लोक यांनी जाहीर काय केलं होतं? शर्ली गन या काँग्रेसच्या कार्यकर्तीचं नाव घेतलं. तिला १९९० मध्ये पकडून तान्ह्या बाळासकट कोठडीत ठेवलं.

हेच फ्लोक २००६ मध्ये चर्च परिषदेचे माजी सरचिटणीस फ्रँक चिकाने यांचे पाय धुवायला गेले. चिकाने यांना १९८९ मध्ये कपड्यांतून विष दिलं होतं. २००७ मध्ये फ्लोक यांना शिक्षा झाली, स्थगित शिक्षा. एक दिवसही तुरुंगात नाही.

डी क्लर्क यांचं धूसर आहे. त्यांनी डिसेंबर १९९२ मध्ये २३ लष्करी अधिकाऱ्यांना घरी पाठवलं किंवा रजेवर धाडलं, म्हणजे काहीतरी हाती लागलं होतं. तरी शेवटपर्यंत म्हणत राहिले मला माहीत नव्हतं. माझं मत: त्यांनी काही गोष्टी न विचारण्याची काळजी घेतली. माहीत न करून घेणं हीसुद्धा एक पद्धतशीर मेहनत असते.

जंजिरेकर:

एक आमच्याकडची बाजू. रत्नागिरीपासून हबसाणापर्यंतची कितीतरी कोकणी मुसलमान घरं शंभर वर्षांपूर्वीपासून केपटाउनला आहेत. आमच्या मोठ्या मामूंचं कुटुंब तिकडे रायलंड्समध्ये. घरात अजून कोकणी बोलतात, फक्त मधूनच आफ्रिकान्स घुसते. शेजारच्या अॅथलोनमध्ये ३१ ऑगस्ट १९८९ ला अर्ली लर्निंग सेंटर नावाच्या सभागृहाच्या इमारतीत ताळेबंद म्हणतात त्या 'कंपनी'नं बाँब उडवला. मामूंच्या घरी यावर कधीच मोठ्यानं बोलणं झालं नाही. विचारलं तर म्हणत, बाळा, कोण कोणाचा माणूस ते कळत नव्हतं.

वकील दुल्ला ओमर त्याच शहरातले. यांनाही मारायचं ठरलं होतं. एक योजना गोळी घालायची. दुसरी अशी, की त्यांच्या हृदयाच्या गोळ्या बदलून टाकायच्या, म्हणजे मरण आजारानंच आलेलं दिसेल. दोन्ही फसल्या. १९९४ मध्ये मंडेलांनी त्यांनाच न्यायमंत्री केलं आणि सत्य व सलोखा आयोगाचा कायदा त्यांनीच संसदेत आणला. म्हणजे आपल्याला मारायला निघालेल्यांना माफी मागता येईल, ती सोय या माणसानं केली. मला हे थोर वाटतं. मामेभावाला नाही वाटत, तो चिडतो.

गप्पीदास:

+१. वाचखूण साठवली.

तिरसट_काका:

इंकाथाचं, झुलूंच्या पक्षाचं, नाव अजून कुणी काढत नाही. झुलूंना स्वतःचं काही मत नव्हतं का, सगळे सरकारचे भाडोत्री?

निळीशाई:

काका, या वेळी तुमचा मुद्दा बरोबर आहे. बुथेलेझींच्या इंकाथाला खरा जनाधार होता. खेड्यातल्या मुखियांची सत्ता, खाणीत आणि कारखान्यात राबायला आलेल्या एकट्या पुरुषांची वसतिगृहं, शहरी पोरांच्या उद्दामपणाचा राग. ही भांडणं सरकारनं जन्माला घातली नाहीत. सरकारनं त्यांना बंदूक आणि गाडी पुरवली.

१९८६ मध्ये इंकाथाची सुमारे २०० माणसं नामिबियाच्या कॅप्रिव्ही पट्ट्यात नेऊन लष्करानं त्यांना प्रशिक्षण दिलं. २१ जानेवारी १९८७ ला डर्बनजवळ क्वामाखुथात एका घरावर रात्री हल्ला झाला, १३ मेले, त्यातली बरीचशी लहान मुलं. ज्याला मारायचं होतं तो घरात नव्हताच. याच प्रकरणात १९९६ मध्ये माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मालान आणि सेनाधिकाऱ्यांवर खटला चालला आणि सगळे सुटले.

जुलै १९९१ मध्ये 'वीकली मेल'नं छापलं, की सुरक्षा पोलिसांनी इंकाथाच्या सभांसाठी अडीच लाख रँड गुपचूप दिले होते. गदारोळ झाला. डी क्लर्क यांनी मालान यांना पाणी व वनं खातं दिलं, आणि फ्लोक यांना तुरुंग खातं. हसू येतं, पण खरंच तसं झालं.

आणि गाड्यांमधली कत्तल. सप्टेंबर १९९० मध्ये जोहान्सबर्गजवळ लोकलगाडीत टोळी घुसली, डब्याडब्यातून चालत गेली, २६ जण मेले. मुंबईकराला संध्याकाळची लोकल वेगळी समजावायला नको. यांचा ना पक्ष, ना मागणी. मंडेला याच काळात 'तिसऱ्या शक्ती'बद्दल, म्हणजे पडद्याआडून हिंसा घडवणाऱ्या हातांबद्दल, बोलायला लागले.

बोइपाटाँगबद्दल मात्र सांभाळून लिहायला हवं. १७ जून १९९२ च्या रात्री क्वामडाला वसतिगृहातून निघालेल्या इंकाथाच्या माणसांनी ४५ जणांना मारलं आणि काँग्रेसनं वाटाघाटी थांबवल्या. सत्य आयोगाच्या अहवालानं पोलिसांचा सहभाग धरला. पण त्याच आयोगाच्या माफी समितीनं नंतर मारेकऱ्यांचे अर्ज ऐकताना तसा सहभाग सिद्ध होत नाही असं म्हटलं. तेव्हा प्रत्येक कत्तलीमागे एकच हात होता असं धरू नये. गुप्त हिंसेचा एक परिणाम हाही आहे, की जिथे सरकारचा हात नसेल तिथेही तो दिसायला लागतो.

खडूफळा:

निळीशाई, बोइपाटाँगवर सहमत. म्हणूनच ते मी मूळ लेखात घेतलं नाही. जिथे कबुली, कोर्टाचा निकाल किंवा कागद आहे तेवढंच घेतलं. मार्च १९९४ मध्ये हिंसाचाराची चौकशी करणारे न्यायमूर्ती गोल्डस्टोन यांनी मात्र तीन पोलीस जनरलांची नावं घेऊन सांगितलं, की इंकाथाला शस्त्रं पुरवण्यात यांचा हात असल्याचा पुरावा आहे. निवडणूक पुढच्याच महिन्यात होती.

भोंडला:

म्हणजे आपल्याकडेही अमुक राज्यात जे चाललंय ते

व्यवस्थापक:

अमुक राज्यासाठी वेगळे चार धागे चालू आहेत. हा दक्षिण आफ्रिकेवरच राहू द्या.

रानजाई:

माफीबद्दल विचारायचं होतं. म्क्सेंगे यांना मारणाऱ्यांचं काय झालं?

निळीशाई:

१९९७ मध्ये कुट्सिए, नोफोमेला आणि डेव्हिड त्शिकालांगे यांना खुनाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा होण्याआधीच, ऑगस्टमध्ये, माफी मिळाली. पूर्ण सत्य सांगितलं आणि हेतू राजकीय होता, या दोन अटींवर. म्क्सेंगे आणि पोलीस कोठडीत मेलेले नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी त्याआधीच १९९६ मध्ये घटनापीठाकडे धाव घेतली होती, की आमचा खटला चालवायचा हक्क तुम्ही परस्पर कसा सोडता? ते हरले.

यूजीन डी कॉक, फ्लाकप्लासचा नंतरचा मुख्य, याला १९९६ मध्ये दोन जन्मठेपा आणि वर २१२ वर्षं झाली. २०१५ मध्ये पॅरोल मिळाला. त्यानं वरिष्ठांविरुद्ध भरपूर साक्ष दिली. तरी तुरुंगात गेला तो कर्नल, जनरल एकही नाही.

तिरसट_काका:

मग माफीचा उपयोग काय झाला म्हणायचा? खून करा, सांगा, घरी जा.

जंजिरेकर:

काका, मामेभाऊ अगदी हेच म्हणतो. मी त्याला एवढंच विचारतो, की नाहीतर दुदुझाच्या बाँबचं तुला कळलं असतं का? पिनातला वेळ काढल्याचं सांगणारा बाँब लावणाऱ्याच्या बाजूचाच हवा. दुसऱ्या कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

खडूफळा:

पण सौद्याची दुसरी बाजू पाळली गेली नाही, तिथे काकांचा राग मला पटतो. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज फेटाळला त्यांच्यावर खटले चालवायचे असं ठरलं होतं. आयोगानं सुमारे ३०० प्रकरणं सरकारी वकिलांकडे दिली. मोजकीच कोर्टात गेली. क्रॅडॉकच्या सहा पोलिसांना १९९९ मध्ये माफी नाकारली. एकावरही खटला उभा राहिला नाही, आणि आता सहाही हयात नाहीत.

अहमद तिमोल या शिक्षकाचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून 'उडी मारून' गेले. १९७२ ची चौकशी म्हणाली आत्महत्या. घरच्यांनी पिच्छा पुरवला, २०१७ मध्ये नव्या न्यायाधीशांनी निकाल दिला: ढकललं. खोलीत हजर असलेल्या पोलिसावर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला, आणि खटला सुरू होण्याआधीच २०२१ मध्ये तो म्हातारा होऊन वारला.

रानजाई:

आणि हे सगळं काँग्रेसच्या राज्यात? ज्यांची माणसं मारली त्यांच्याच सरकारनं खटले दाबले?

खडूफळा:

आरोप नेमका तोच आहे. जानेवारी २०२५ मध्ये कलाटा यांच्या मुलासह २५ कुटुंबं सरकारविरुद्ध कोर्टात गेली. त्यानंतर अध्यक्ष रामाफोसा यांनी निवृत्त न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांचा आयोग नेमला: १९९४ नंतरच्या सरकारांनी हे खटले राजकीय दबावानं रोखले का, एवढाच प्रश्न. जूनमध्ये क्रॅडॉकच्या चौघांची तिसरी चौकशी सुरू झाली, चाळीस वर्षांनी. खटले दाबले गेले असतील तर का, यावर तिथे एक तर्क बराच ऐकू येतो: जनरलांना पिंजऱ्यात उभं केलं असतं, तर काँग्रेसच्या नेत्यांनाही माफी न घेतलेल्या गोष्टींसाठी उभं करावं लागलं असतं. शिवाय अस्कारींची आणि खबऱ्यांची पूर्ण यादी कधी जाहीर झालेली नाही. त्यात आज खुर्चीवर असलेलं कुणी निघालं तर?

तिरसट_काका:

म्हणजे यादी दोन्हीकडच्यांना नकोय. हे आधी लिहायचंत, मी एवढा वाद घातला नसता.